अझैब्यातली बेणणी

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मस्कतजवळच्या अझैबा या उपनगरात, आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात, एका शुक्रवारी सकाळी, घरातली सगळी माणसं ढाराढूर झोपलेली असताना, एका निष्पाप जिवाचा समूळ नायनाट करण्यात आला. 'समूळ' हा शब्द मी शोभेसाठी वापरलेला नाही. खरोखरच मुळासकट. आरोपीने काम उरकल्यावर अंगण झाडलं, सडा घातला, हातपाय धुतले आणि स्वतःसाठी चहा ठेवला. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती, कारण, आरोपीच्याच शब्दांत सांगायचं तर, "कितीतरी दिसांनी आज हाताला काम मिळालं."

आरोपी म्हणजे आक्का, माझ्या बाबांची मोठी बहीण. आणि ज्याचा नायनाट झाला तो लव्हाळा. हो, तोच. ओढ्याकाठी, डबक्याकाठी, भाताच्या खाचरात कुणी न लावता उगवतो तो. हसू नका. आमच्या घरात त्या दिवशी जे हसले त्यांचं काय झालं ते मी पुढे सांगणारच आहे.

आधी घर. बाबा गाला या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका कंपनीत एसी दुरुस्त करणाऱ्या माणसांवर देखरेख करायचे. आम्ही मस्कतला आलो तेव्हा मी पहिलीत होते आणि या गोष्टीच्या वेळी दहावीच्या उंबरठ्यावर होते. मधल्या सगळ्या काळात बाबा एक वाक्य जपासारखं म्हणत आले: "कुठे आपण इथे कायमचे आहोत?" या एका वाक्यावर आमचं घर चालायचं. पुस्तकांना कपाट नव्हतं, कारण कपाट नेता येत नाही. पडदे आधीच्या भाडेकरूंनी सोडलेले होते. त्यांच्यावर बदकं होती आणि ती कुणालाही आवडत नसताना माझ्याबरोबर लहानाची मोठी झाली. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांचे मूळ खोके थर्माकोलसकट, घराबरोबर आलेल्या कपड्यांच्या कपाटावर छतापर्यंत रचलेले, म्हणजे उद्या निघायचं झालं तर वस्तू खोक्यात, खोके जहाजात आणि आपण विमानात. झाडांनाही तोच कायदा. कढीलिंब दूध पावडरच्या डब्यात, तुळस तेलाच्या डब्यात, मोगरा फुटक्या बादलीत. जमिनीत काहीही लावायचं नाही. जमीन अर्बाबची, म्हणजे घरमालकाची. तो भला माणूस होता. त्याने कधीच काही मनाई केली नव्हती. मनाई बाबांची होती.

आई गिरगावात दोन खोल्यांत वाढलेली. तिला माहेरी जमीन म्हणून जी माहीत होती ती फरशी. अझैब्याला ती दुपारी शिकवण्या घ्यायची, हिंदी आणि गणित. आमच्यासारखीच मराठी घरांतली पोरं यायची आणि "आँटी, मला हा समजला नाही आला" असं म्हणायची. मग आई गणित बाजूला ठेवून आधी ते वाक्य सरळ करायची. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसलेला असे. उन्हाळ्यात खिडक्या महिनोन्‌महिने बंद. चार खोल्यांतले चार एसी चार सुरांत घरघरत. त्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायचं, तर थकायला वेगळं काम करावंच लागत नसे. वीज गेली की आई डोळे मिटून म्हणायची, "अहाहा, ऐका!" ऐकायला काहीच नसायचं. तिला तेच हवं असायचं. वीज आली की बाबा टाळ्या वाजवायचे आणि आई उठून कुकर लावायची. मी आता तिच्या त्या वेळच्या वयाहून मोठी आहे. घरात पंखा बंद झाला की माझ्याही तोंडून "ऐका!" निघतं, आणि माझी मुलं माझ्याकडे काळजीने बघतात.

लव्हाळा घरात आणला तो आईने. आमचे शेजारी नूरभाई, मूळचे रत्नागिरीचे, गाल्यात त्यांचं गॅरेज. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला त्यांच्या मोठ्या गाडीतून डोंगराकडे नेलं. डोंगरातून वाहत येणाऱ्या ओढ्याला तिथे वादी म्हणतात. बाकीच्यांनी कोंबडी भाजली, कॅरम मांडला. आई सहलीला गेली की एरवी डोकं धरून गाडीत बसायची. त्या दिवशी ती चपला काढून पाण्यात जाऊन उभी राहिली. तिच्या पोटऱ्यांभोवती हिरव्या काड्यांचं रान होतं. पान असं नाहीच, नुसती सरळ काडी, आणि शेंड्याजवळ एका बाजूला तपकिरी तुऱ्यांचा छोटा झुबका. मुळं पाण्यात, वर रखरखीत डोंगर. आई कितीतरी वेळ तिथून हललीच नाही. मग तिने आवाज दिला, "नूरभाई, एखादा डबा आहे का हो रिकामा?"

"ऑइलचा हाय वहिनी. धुऊन देतो. मासे पकडताव काय?"

"मासे नाही. हे न्यायचंय."

"हे गवत?"

"गवत नाहीये ते."

"मग काय हाय?"

"ते मला माहीत नाही. पण गवत नाही."

बाबा काडी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. दोन बोटांत फिरवली. "अगं, ही तीनधारी आहे, बघ. हा लव्हाळा! आमच्या पेणच्या खाचरात हा उपटून उपटून आक्काची कंबर गेली. आणि तू तो घरी नेतेस?"

"मग आणा एकदा तुमच्या आक्काला," आई म्हणाली. "दाखवते तिला, कसा वाढवतात ते."

हे वाक्य नियतीने कुठेतरी टिपून ठेवलं असणार.

घरी आल्यावर बाबांनी कुंडी पुढे केली. आईने ती बाजूला सारली आणि मागच्या अंगणात, बेडरूमच्या एसीची नळी जिथे ठिबकायची तिथे, कालथ्याने खड्डा खणायला घेतला. बाबा म्हणाले, "अगं, जमिनीत? कुठे आपण इथे—" आईने कालथा हातात तसाच धरून वर पाहिलं. बाबांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्या आठवणीत ते एकदाच.

तो खड्डा म्हणजे आमच्या घरातली पहिली न हलवता येणारी गोष्ट. एसीचं पाणी दिवसभर ठिबकायचं, आई तांदूळ धुतलेलं पाणी ओतायची, आणि लव्हाळा वाढला. वाढला म्हणजे काय! खड्डा भरला, काठ ओलांडला, कपडे धुवायच्या ओट्यापर्यंत आला. कधी एखादा पिवळा पक्षी येऊन काडीवर झुलायचा. शिकवण्या संपल्या की आई चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची, भर उकाड्यात, आणि आम्हाला तिथे यायला बंदी होती. लिहून लावलेली नव्हती. पण मी एकदा तिच्या शेजारी जाऊन बसले तर तिने "आत एसी आहे ना?" असं इतक्या गोड आवाजात विचारलं, की मी परत गेले.

आणि मग आक्का आली.

आक्काने बाबांना वाढवलं होतं. ती लवकर विधवा झाली आणि माहेरी परतली. पेणजवळची खारी जमीन आयुष्यभर तिनेच कसली. पण आदल्या वर्षी खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. भात लावायचं काही उरलं नाही. रिकाम्या घरात ती एकटी काय करते, म्हणून बाबांनी खटपट करून तिचा व्हिसा काढला. तो येईपर्यंत इतके दिवस गेले, की सगळी शहाणी माणसं मस्कत सोडून गावी जातात नेमकी त्या आगीच्या दिवसांत ती विमानातून उतरली. काष्ट्याचं लुगडं, गळ्यात मफलर, आणि हातात अशी पिशवी की कस्टमच्या माणसाने उघडून नाक धरलं आणि लगेच बंद केली. आत सुकट होती. त्याखाली लाल तांदूळ, पोह्याचे पापड, मिरगुंडं.

आम्ही तिचं जे कौतुक केलं त्याने ती आठवड्याभरात आजारी पडायच्या बेताला आली. कपडे यंत्र धुणार, भांडी मी घासणार, भाजी आई चिरणार. आक्काने केरसुणीला हात लावला की आई ती काढून घ्यायची. "आक्का, आयुष्यभर केलंत. आता बसा." आक्का बसायची. एसीचं वारं लागू नये म्हणून शाल पांघरून, बदकांच्या पडद्याकडे तोंड करून. आमचा बासमती तिला आवडेना. "दोरा गिळल्यासारखं वाटतं." मागचं दार उकाड्यामुळे बंद असे, त्यामुळे अंगण तिने पाहिलंच नव्हतं. बाबा संध्याकाळी घरी आले की ती विचारायची, "बाबू, मी हितं बसून खायला आले काय रे?" बाबा हसून म्हणायचे, "हो." त्यांना वाटायचं आपण प्रेमाने बोलतोय.

तर तो शुक्रवार. सुट्टीचा दिवस, सगळे उशिरापर्यंत झोपलेले. आक्का उजाडायच्या आधी उठली. तिने मागच्या दाराची कडी काढली आणि समोर काय? माजलेला लव्हाळा. कुणी हात न लावलेला. काठोकाठ. ज्या बाईने आयुष्यभर दर पावसात कमरेत वाकून भातातून हेच उपटलं, जिला शेत गेल्यापासून उपटायला काही उरलं नव्हतं, तिच्या पुढ्यात परमेश्वराने जणू ताट वाढलं होतं. तिने काष्टा खोचला आणि ती बेणणीला, म्हणजे तण उपटायला, बसली.

मी जागी झाले ती आईच्या आवाजाने. ओरडणं नव्हतं. ती इतकं हळू बोलत होती, की एसीच्या आवाजातूनही ऐकू आलं.

"आक्का, इथे होतं ते कुठे गेलं?"

"ते ना? काढलं सगळं," आक्का चहा फुंकत, उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली. "केवढं माजलं होतं गं शैले! तू दिसभर पोरं शिकवणार, तुला कुठं जमायचं? मूळ धरून काढलंय. नावाला ठेवलं नाय."

बाबा मागून आले, त्यांनी खड्डा बघितला, आक्काकडे बघितलं, आणि ते हसले. अगदी पोट धरून हसले. मीही हसले. मी लहान होते, पण शहाणी होते. आईचा चेहरा बघून आधी मी थांबले. बाबांना थांबायला उशीर झाला. पुढे पुष्कळ दिवस आईने त्यांच्याशी फक्त "पोळी हवी?" आणि "भात हवा?" एवढंच संभाषण केलं.

"टाकलं कुठे?" आईने विचारलं. आक्काने हात केला. रस्त्याच्या कोपऱ्यावर कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी होती. बाबा पायजम्यावर आणि मी नाइटीवर तसेच पळालो. अझैब्यात तेव्हा बकऱ्या मोकळ्या हिंडायच्या, पुठ्ठे खायच्या, सिमेंटच्या पिशव्या खायच्या. त्या दिवशी त्यांना हिरवं मिळालं होतं. पेटीभोवती लग्नाची पंगत बसावी तशा त्या बसल्या होत्या, आणि आम्ही पोचलो तेव्हा पंगतीत विडे वाटायची वेळ झाली होती. शेवटची काडी एका म्हाताऱ्या बोकडाच्या तोंडात होती. बाबांनी ती ओढली. बोकडानेही ओढली. बोकड जिंकला.

संध्याकाळी नूरभाई आले. सगळी हकिकत ऐकून ते आक्काच्या शेजारी बसले. "आक्का, तुम्ही तर आमच्या वहिनीचा बाग खलास केलात!" मग आईला म्हणाले, "वहिनी, तोंड कशाला पाडताव? मी उद्या गाडी काढतंय. वादीतून पोतंभर आणून टाकतंय, इन्शाल्ला."

"नको," आई म्हणाली. ती शिकवणीच्या वह्या लावत होती. वर बघितलंही नाही. "राहू दे. कुठे आपण इथे कायमचे आहोत?"

बाबांनी इतकी वर्षं हे वाक्य म्हटलं होतं, पण कुणी त्यांना ते परत ऐकवलं नव्हतं. ते उठले आणि आत गेले. थोड्या वेळाने कपाटावरचा एक खोका खाली काढल्याचा आवाज आला, मग तो परत वर ठेवल्याचा.

आक्काला खरा प्रकार बाबांनी समजावून सांगितला तेव्हा तिचा विश्वास बसेना. "लावला? लव्हाळा? माणसानं?" तिने तीनदा विचारलं. मग ती आईसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता माफी मागणार. आक्काने जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. तिला त्याचे शब्दच ठाऊक नसावेत. ती म्हणाली, "शैले, तो मरत नाय. मी सांगते ना. जमिनीत गाठी असतात त्याच्या. मी कधी मारू शकले नाय त्याला."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आक्का त्या मोकळ्या चिखलाच्या राखणीला बसली. शाल गेली, एसी गेला. डोक्याला ओला पंचा गुंडाळून ती मागच्या पायरीवर असायची. तांदळाचं पाणी, डाळीचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं खड्ड्यात. मांजर आलं की चप्पल. बाबा ऑफिसातून आले की बाकीच्या एसींच्या नळ्यांखाली ठेवलेल्या बादल्या उचलून मागे नेऊन ओतायचे. आई कपडे वाळत घालायला यायची आणि मान न वळवता परत जायची. मला ते तिचं थंडपण वाटायचं. आता वाटतं, ती दमली होती. काहीही नको म्हणण्याइतकी दमली होती.

आणि चिखल नुसता चिखलच राहिला. ऊन असं होतं की सकाळी ओतलेलं पाणी दुपारी दिसत नसे. आक्का बोट खुपसून बघायची, नाकाशी न्यायची, पुन्हा बसायची. सुरुवातीची तिची खात्री हळूहळू उतरत गेली. एक दिवस मी पाणी द्यायला गेले तर ती माझ्याशी नव्हे, चिखलाशी बोलत होती. "आमच्याकडं चार दिवसांत डोकं वर काढायचास. तुला उपटायला माझ्या बाचे पैसे जायचे. आता का रे?" मी पुढे होऊन तिला जेवायला बोलावलं. ती म्हणाली, "पोरी, जे कधी मेलं नाय ते नेमकं हितं मेलं, तर मी तुझ्या आईला तोंड कसं दाखवू गं?"

त्याच आठवड्यात आईने कुंड्या वाटायला सुरुवात केली. कढीलिंब समोरच्या बाईला, मोगरा नूरभाईंच्या बायकोला. "द्यायचंच आहे कधीतरी," ती म्हणाली. बाबा दारात उभे राहून बघत होते. ते "अगं, राहू दे ना" एवढंच म्हणाले, आणि आईने तुळशीचा डबाही उचलला. तुळशीसाठी मात्र आक्का उठून आडवी आली. "ती नाय द्यायची." दोघींनी थोडा वेळ डबा दोन्हीकडून धरून ठेवला. मग आईने सोडला.

(मध्येच सांगते. परवा ठाण्याच्या एका नर्सरीत मी लव्हाळा बघितला. कुंडीत, लॅटिन नावाची पाटी लावलेला, 'पाणथळ जागेची देशी वनस्पती' म्हणून. तिथला तरुण मला समजावून सांगत होता, की ही जपायला सोपी असते. मी त्याला म्हटलं, "बाळा, मला नको सांगूस." तो दुखावला.)

तो दिवस असाच एक शुक्रवार होता. कोंदट, हवेत समुद्राचं मीठ. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. आई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मागच्या दारात आली. आक्का खड्ड्यापासून उठून पाय धुवायला ओट्याकडे गेली होती. ओट्याखाली फरशीला भेग होती, तिकडे कुणी कधी मुद्दाम पाणी घातलं नव्हतं, कुणी बघितलंही नव्हतं. आक्काने तिथे अनवाणी पाय टेकवला आणि चटका बसावा तसा उचलला.

"काय चावलं?" आईने बादली टाकली. बाबा चप्पल घेऊन धावले. त्यांच्या डोक्यात विंचू.

आक्का पाय धरून खाली बसली आणि भेगेत वाकून बघायला लागली. तिने दोन बोटं आत घातली, हळूच काहीतरी चिमटीत धरून फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. भातात आयुष्यभर उभ्या राहिलेल्या पायाला ते टोक आधीच ओळखू आलं होतं. बोटं नुसती खात्री करत होती. आई तिच्याजवळ गेली. वाकली. मग ओल्या फरशीवर, पसरलेल्या कपड्यांमध्ये, खालीच बसली. भेगेतून सुईएवढी हिरवी काडी वर आली होती. आईचा ओला हात पुढे झाला आणि तिने उन्हाच्या आड तळवा धरला.

आक्काने आईच्या तोंडाकडे बघितलं, त्या काडीकडे बघितलं, आणि असा आवाज लावला की भिंतीपलीकडच्या बकऱ्या उधळल्या:

"आलास मेल्या! पेणला कधी एवढा उशीर केला नव्हतास!"